त्यांनी दार उघडलं होतं

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

परवा लोकमताच्या सर्वेक्षणावरचा प्रबंध जमा केला. घरी येऊन नुसतं झोपायचं ठरवलं होतं, पण झोप लागेना, म्हणून हे पत्र. समोर बसून बोलायला गेले तर मला रडू येईल आणि तुम्ही "पुरे आता" म्हणाल, हे पक्कं ठाऊक आहे.

तुमच्याकडे आले तेव्हा मुदत संपत आली होती आणि उमेद तर कधीच संपली होती. आधीच्या मार्गदर्शकांनी चौथं प्रकरण अकरा महिने कपाटात ठेवलं आणि न वाचताच परत दिलं. मी टोचलेली पिनसुद्धा हलली नव्हती. "ते 'माहीत नाही'वाले काढून टाक, टक्केवारी स्वच्छ दिसेल," एवढाच शेरा, तोही दारातून बाहेर पडता पडता. मी मुकाट्याने काढून टाकले. त्याची लाज आजही वाटते.

तुम्ही तक्ते बाजूला सारलेत आणि भरलेल्या प्रश्नावल्या मागितल्यात. मूळ कागद! ते तोवर कुणीच मागितले नव्हते. गठ्ठा सोडलात, "माहीत नाही"वर खूण असलेल्या प्रश्नावल्या निराळ्या काढल्यात आणि एकेक वाचू लागलात. एका बाईंच्या कागदावर थांबलात. लोकप्रतिनिधीच्या कामाविषयी ओळीने चार प्रश्न, चारही ठिकाणी "माहीत नाही". समासात माझंच बारीक अक्षर: "नवरा शेजारी बसून आहे." हे मी लिहिलं होतं आणि साफ विसरले होते. तुम्ही वहीतल्या कागदाची एक पट्टी फाडलीत, त्या पानात खूण म्हणून घातलीत आणि म्हणालात, "यांना काढू नकोस गं. यांनी तुझ्यासाठी दार उघडलं होतं."

मॅडम, त्या एका वाक्याने मी पुन्हा कामाला लागले.

१९३६ सालच्या अमेरिकेतल्या अध्यक्षीय निवडणुकीची ती गोष्ट मी स्वतः वर्गात किती वेळा सांगितली होती. एका साप्ताहिकाने सुमारे १ कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या, २० लाखांहून जास्त परत आल्या, आणि त्यांच्या जोरावर लँडन जिंकणार असं छापलं. प्रत्यक्षात त्यांचे प्रतिस्पर्धी रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यांत जिंकले. टेलिफोन आणि मोटारवाल्यांच्या याद्या वापरल्या म्हणून अंदाज चुकला, इथेच माझी गोष्ट संपायची. ज्यांनी पत्रिका परत पाठवलीच नाही ते कोण होते, हा प्रश्न तुम्ही विचारलात. न आलेलं पत्र वेगळं आणि "माहीत नाही" हे उत्तर वेगळं, हेही लगेच बजावलंत.

पुष्कळांची उत्तरं एका मुलाखतीतून दुसऱ्या मुलाखतीत बदलतात, कारण त्यांचं ठाम मत झालेलंच नसतं, असं राज्यशास्त्रज्ञ फिलिप कॉन्व्हर्स यांनी १९६४ मध्ये मांडलं. "माहीत नाही"वाल्यांना वगळताना मी त्याचाच आडोसा घेतला होता. तुम्ही शेजारी दुसरे राज्यशास्त्रज्ञ ॲडम बेरिन्स्की यांचं काम ठेवलंत: कल्याणकारी योजनांच्या प्रश्नांवर उत्तर न देणाऱ्यांत साधनं कमी असलेली माणसं जास्त असतात, त्यांना वगळलं की लोकमतच एका बाजूला झुकतं. मग आठवण करून दिलीत राजकीय विचारवंत हॅना पिटकिन यांची. प्रतिनिधित्व म्हणजे जे समोर नाही ते समोर आणणं. निवडून आलेल्या माणसाला आपण ही कसोटी लावतो, मग सर्वेक्षण करणाऱ्याला का नको?

आणि तरी तुम्ही मला वाहवत जाऊ दिलं नाहीत. पुढच्या मसुद्यात मी भाबडेपणाने लिहिलं की गप्प राहिलेल्या सगळ्यांना दाबलेलंच आहे. तुम्ही तो परिच्छेद खोडलात. कुणाच्या मौनात आपलं मत भरणं हीसुद्धा लबाडीच, असं म्हणालात. त्या दिवशी राग आला होता. आज त्याबद्दल सगळ्यात जास्त ऋणी आहे.

हुशार माणसं मला पुष्कळ भेटली. कागद शेवटपर्यंत वाचणारी फार थोडी. समोरच्याने कष्टाने लिहिलेलं नीट वाचणं ही केवढी मोठी सभ्यता आहे, हे अकरा महिने वाट पाहिलेल्याला विचारा.

चौथ्या प्रकरणातल्या तक्त्यांत आता "माहीत नाही"चा रकाना आहे, आणि मुलाखतीच्या वेळी शेजारी कोण होतं त्याचाही. काल गठ्ठे पुन्हा बांधले. ती पट्टी काढून ठेवावी म्हटलं, पण हात धजला नाही. त्या बाईंच्या पानात ती तशीच आहे.

तुमची विद्यार्थिनी