लंडनच्या मॉन्युमेंटवरून पत्र

लंडन

प्रिय मकरंद,

सप्रेम नमस्कार.

तू वर्गात दरवर्षी स्प्रिंगला वजनं लटकवून ज्याचा नियम शिकवतोस, त्या रॉबर्ट हुकने उभारलेल्या खांबावर चढून आलो. तेव्हापासून हे सगळं तुला कधी एकदा सांगतो असं झालंय.

लंडन ब्रिजच्या उत्तरेला, ऑफिसांच्या गराड्यात हा पोर्टलंडच्या दगडाचा खांब उभा आहे. सगळे त्याला नुसतं ‘मॉन्युमेंट’ म्हणतात. १६६६ साली लंडन जळालं, त्याचं हे स्मारक. २ सप्टेंबरला, रविवारी पहाटे, पुडिंग लेनमध्ये थॉमस फॅरिनर नावाच्या बेकरीवाल्याकडे आग लागली. कोरडा गेलेला उन्हाळा, खेटून उभी लाकडी घरं आणि पूर्वेकडून सुटलेला वारा. चार दिवसांत १३,२०० घरं आणि ८७ चर्च खाक झाली, सेंट पॉल्स हे जुनं कॅथेड्रलही त्यातच गेलं. खांबाची उंची २०२ फूट ठेवली, कारण ती बेकरी तिथून तेवढ्याच अंतरावर होती. खांब त्या दिशेला आडवा घातला, तर त्याचं टोक आग लागली त्या जागी टेकेल.

आराखडा ख्रिस्तोफर रेन आणि हुक या दोघांचा, बांधकाम १६७१ ते १६७७. रेन आधी ऑक्सफर्डला खगोलशास्त्राचा प्राध्यापक होता, आणि हुक कसा होता ते तुला मी काय सांगणार! दोघांनी मिळून स्मारकाच्या पोटात चक्क प्रयोगशाळा बांधली. ३११ पायऱ्यांचा चक्राकार जिना भिंतीला धरून वर जातो आणि मधली जागा तळापासून टोकापर्यंत मोकळी ठेवली आहे. तळघरात बसायचं आणि या पोकळीतून सरळ डोक्यावरचा तारा न्याहाळायचा, अशी कल्पना. पृथ्वी सूर्याभोवती फिरत असेल, तर वर्षभरात ताऱ्याची जागा किंचित सरकलेली दिसायला हवी, आणि तेच हुकला मोजून दाखवायचं होतं. पण शेजारचा फिश स्ट्रीट हिल तेव्हा थेट लंडन ब्रिजवर जाणारा रस्ता होता. गाड्यांच्या वर्दळीने खांब थरथरायचा आणि इतक्या बारीक मापाला ती थरथर चालणारी नव्हती. अर्ध्या वाटेवर थांबून मी त्या पोकळीत वाकून पाहिलं, तेव्हा फार हळहळ वाटली. ज्या शहरासाठी हा खांब उभारला, त्याच शहराच्या धावपळीने त्याला तारा बघू दिला नाही.

वर चढताना हवेचा दाब कसा घटतो, हा प्रयोग मात्र हुकने इथे केला. प्रत्येक पायरी बरोबर सहा इंचांची, म्हणजे जिना हीच मोजपट्टी. मीही मोबाइलवर दाब पाहिला. खाली एकदा आणि वर एकदा. फरक जवळजवळ सहा हेक्टोपास्कल, म्हणजे पाऱ्याचे चार मिलिमीटर आणि थोडं वर. तू शेजारी हवा होतास रे! चढणारे आणि उतरणारे एकाच जिन्यावर, त्यामुळे भिंतीला पाठ लावून वाट देत देत मी हे आकडे लिहून घेत होतो.

सज्जा १६० फुटांवर आहे आणि त्याला चहूबाजूंनी जाळी आहे. पूर्वी इथून उड्या टाकून काहींनी जीव दिला, म्हणून १८४२ मध्ये वर पिंजरा बसवला. आता भोवती याहून कितीतरी उंच इमारती आहेत आणि उत्तरेला तर नजर काचांवरच अडते. तरीही मला हीच उंची आवडली. इथून माणसं माणसांसारखी दिसतात. दक्षिणेला थेम्स आणि पलीकडे शार्ड ही गगनचुंबी इमारत, पूर्वेला टॉवर ब्रिज आणि नदीत उभी बेलफास्ट ही युद्धनौका. पश्चिमेला सेंट पॉल्सचा घुमट, आगीनंतर रेनने नव्याने बांधलेला. नदीकाठी अगदी पायाशी सेंट मॅग्नस चर्च आहे. जुन्या पुलाची पायवाट त्याच्या मनोऱ्याखालून जायची. पुढे पूल थोडा पश्चिमेला सरकला आणि ती कमान तशीच मागे राहिली. मी बराच वेळ तिच्याकडेच बघत होतो.

पण मकरंद, मला खरं लिहायचंय ते खालच्या चौथऱ्याबद्दल. त्याच्या उत्तर बाजूला आगीची हकिकत लॅटिनमध्ये कोरली आहे. १६८१ मध्ये तिच्या शेवटी एक ओळ वाढवली: ज्याने हा अनर्थ केला, तो कॅथलिकांचा उन्माद अजून शमलेला नाही, अशा अर्थाची. कॅथलिक राजा दुसरा जेम्स आला तेव्हा ती काढली, तो गेल्यावर पुन्हा कोरली आणि १८३० मध्ये कायमची छिलून टाकली. ती धादांत खोटी होती. चौकशीत कट सापडलाच नव्हता. वारा आणि कोरडा हंगाम, एवढंच निघालं होतं. तरी त्याआधीच रोबेर ह्यूबेर नावाच्या एका फ्रेंच घड्याळजीला फाशी झाली. आग मी लावली, असं तो स्वतःच म्हणत होता. आग लागल्यावर दोन दिवसांनी तो लंडनमध्ये उतरला, हे त्याला आणणाऱ्या जहाजाच्या कप्तानाने नंतर सांगितलं. फाशी देणाऱ्यांनी तारखा जुळवून पाहिल्या असत्या, तर तो वाचला असता. मला याचा संताप येतो. सहा-सहा इंच मोजून रचलेल्या या खांबावर शंभराहून अधिक वर्षं न तपासलेला आरोप मिरवत होता. येणारे-जाणारे वाचत होते आणि शेजारच्या कॅथलिकांकडे त्याच नजरेने बघत होते.

ह्यूबेरची ही हकिकत तुझ्या मुलांना सांगशील का? हुकच्या तासालाच सांग. आणि अजून एक काम. पाऱ्याची बारीक हालचाल तबकडीवरच्या काट्याने मोठी करून दाखवणारा बॅरोमीटर हुकनेच बनवला होता. चार मिलिमीटर ३११ पायऱ्यांत वाटले, तर एका पायरीच्या वाट्याला केसाच्या जाडीएवढंही येत नाही, तेव्हा काटा हवाच. तसा एखादा प्रयोगशाळेत जुळवता आला तर बघ. मी आलो की तुमच्या शाळेच्या जिन्यावर आपण दोघे तो वर-खाली नेऊ.

घरी सर्वांना नमस्कार सांग. उत्तर सविस्तर लिही.

तुझा,
अविनाश