ओलावा आधी, खत नंतर

संपादक महोदय,

सेंद्रिय शेतीवरच्या लेखांत खतांच्या कृती भरपूर असतात. कोरडवाहू रानातला ओलाव्याचा प्रश्न मात्र मागे पडतो. हेक्टरभर रानावर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १०,००० लिटर पाणी! ते धरायचे कशात?

पहिल्या वर्षी मी अर्धकच्चे शेणखत टाकले. ओल नसल्याने ते कुजले नाही, उलट मुळे खाणारी हुमणी अळी लागली. आता खत सावलीत कुजवतो. मुठीत दाबल्यावर तळवा ओलसर व्हावा, पाणी गळू नये, इतकीच ओल ठेवतो. काडीकचरा ओळींत अंथरतो. भर उन्हात तो सारला की खालची माती गार लागते. म्हणूनच पेटवलेली धसकटे पाहून जीव तुटतो.

सेंद्रिय प्रमाणपत्राआधीच्या रूपांतर काळात, म्हणजे रासायनिक शेती सोडून सेंद्रियकडे वळतानाच्या वर्षांत, उत्पन्न बहुधा घटते, सेंद्रिय भावही मिळत नाही. सरकारने मदत तेव्हाच द्यावी.

– एक कोरडवाहू शेतकरी