कॉम्प्युटरची परीक्षा वहीवर कशाला?

मा. संपादक,

माझी मुलगी खानापूर तालुक्यात मराठी मीडियमला नववीत आहे. परवा तिचा कॉम्प्युटरचा पेपर बघितला, सीपीयूचा फुलफॉर्म काय, कॉम्प्युटरचा जनक कोण, एक केबी म्हणजे किती बाइट. पोरीनं चार्ल्स बॅबेज, 1024 सगळं घडाघडा लिहिलंय, मार्कंही चांगली पडली. मग मी म्हटलं चल, नेटकॅफेत जाऊन आजीच्या पेन्शनचा अर्ज स्कॅन करून मेल कर बघू, तर फाइल सेव्ह कुठं झाली तेच तिला सापडेना, शेवटी कॅफेवाल्यानंच करून दिलं.

चूक पोरीची नाही हो. लॅबला आठवड्यातनं एकदा नेतात, एका कॉम्प्युटरपुढं चार-पाच पोरं, त्यात लाइट गेली की वर्गात परत!

पेपर ठेवा पाहिजे तर, पण निम्मे मार्क हातानं करून दाखवण्याला द्या की. फोल्डर करा, फाइल शोधा, अर्ज टाइप करा, खोटी लिंक ओळखा. ओटीपी मागणाऱ्या फोनला काय उत्तर द्यायचं नि पैसे गेलेच तर 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला लगेच फोन करायचा, हे विचारा.

आणि टायपिंगचं तर आपल्या बेळगाव भागात सोपंच आहे, भारतीय भाषांसाठीच्या इनस्क्रिप्ट कीबोर्डवर मराठी ‘क’ आणि कन्नड ‘ಕ’ एकाच बटणावर येतात, म्हणजे एक शिकलं की दुसरं जवळपास फुकटातच. भाषेवरनं भांडणारी आपण मोठी माणसं, बटणांना त्याचं काय!

— एक पालक, खानापूर