चार कारणं खोडून काढल्याबद्दल

प्रा. युरी ट्रीझमन यांस,
सा. न. वि. वि.

कॉलेजात गणित शिकवणारे आम्ही काही जण हे पत्र सर्वांसमोर लिहितो आहोत, कारण तुमचं काम मराठीत फारसं कुणी सांगितलेलं नाही. अमेरिकेत गोऱ्या मुलांनी भरलेल्या कॉलेजात कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला परकं का वाटतं, यावर भाषणं पुष्कळ होतात. तुम्ही ती मुलं रात्री अभ्यासाला कुठे बसतात, कुणाबरोबर बसतात आणि गणित अडलं की काय करतात, हे जाऊन पाहिलंत.

सत्तरच्या दशकात तुम्ही होतात त्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेत पहिल्या सत्राचं कॅल्क्युलस (कलनशास्त्र) पूर्ण करणाऱ्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांपैकी सुमारे ६० टक्क्यांना डी किंवा एफ, म्हणजे अगदी तळाची किंवा नापासाची श्रेणी मिळत होती. प्राध्यापकांना कारण विचारलंत तेव्हा फिरून फिरून चारच उत्तरं आली. मुलांना शिकायची ओढ नाही, पाया कच्चा आहे, घरात शिक्षणाचं वातावरण नाही, परिस्थिती गरिबीची आहे. आमच्या स्टाफरूममध्येही दलित-आदिवासी मुलांबद्दल हीच वाक्यं ऐकू येतात, म्हणून तुम्ही ती तपासायला घेतलीत याचं आम्हाला फार मोल वाटतं. चारांपैकी एकही टिकलं नाही. ही आपापल्या शाळांतली हुशार मुलं होती, घरच्यांनी त्यांच्या शिक्षणासाठी जिवाचं रान केलं होतं, आणि प्रवेश परीक्षेत गणितात उत्तम गुण असलेलीही गळत होती.

मग तुम्ही २० कृष्णवर्णीय आणि २० चिनी वंशाच्या विद्यार्थ्यांबरोबर १८ महिने काढलेत. चिनी मुलं आधी एकट्याने उदाहरणं सोडवत आणि संध्याकाळी एकत्र जमत. एकमेकांच्या वह्या तपासत, जुन्या प्रश्नपत्रिका काढत, वर्गात आपण नेमके कितव्या पायरीवर आहोत याचा अंदाज घेत. एखादं उदाहरण कुणालाच सुटलं नाही, तर ते उदाहरणच अवघड आहे हे सगळ्यांना कळे आणि शिक्षकाला विचारायला जाण्यात लाज वाटत नसे. कृष्णवर्णीय २० पैकी १८ जण मात्र एकटेच अभ्यास करत. आठवड्याला सांगितलेले तास ते इमानदारीने भरत. पण खोलीत एकट्याने बसलेल्या मुलाला उदाहरण सुटलं नाही, तर ते उदाहरण अवघड आहे की आपणच या जागेला लायक नाही, हे सांगणारं जवळ कुणी नसतं. तुमच्या सगळ्या कामात आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटली ती ही गोष्ट. परकेपणाचं मूळ तुम्ही मुलाच्या मनात शोधलं नाहीत, त्याच्या टेबलाशी रिकाम्या राहिलेल्या खुर्च्यांकडे बोट दाखवलंत.

१९७८ मध्ये सुरू झालेल्या कार्यशाळेची रचना त्यातूनच आली. पाच ते सात जणांचा गट, आठवड्यातून दोनदा, दर वेळी साधारण दोन तास. मुलांना बोलावताना ‘तुम्ही मागे आहात’ असं कुणी म्हणालं नाही. हा वरच्या दर्जाचा, कष्टाचा कार्यक्रम आहे, असं सांगितलं गेलं. दार सगळ्यांना उघडं होतं, पण बहुसंख्य मुलं कृष्णवर्णीय आणि लॅटिनो (लॅटिन अमेरिकी वंशाची) होती, त्यामुळे खोलीत एकुलतं एक असण्याचं ओझं कुणावर पडलं नाही.

आणि खरी मेहनत गटाला सोडवायला दिलेल्या वर्कशीटमागे आहे. परीक्षेत हटकून येणारी पण गृहपाठात न येणारी उदाहरणं, हुशार मुलांनाच ठाऊक असलेल्या हिशेबाच्या युक्त्या, आणि कच्चा दुवा उघडा पाडणारे प्रश्न. या शेवटच्या जातीचा प्रश्न असा असू शकतो: क्षच्या वर्गाचं वर्गमूळ घ्या आणि त्याचं अवकलन काढा. एक जण लगेच म्हणतो, वर्ग आणि वर्गमूळ कटले, उरला क्ष, उत्तर एक. शेजारची म्हणते, क्ष म्हणून उणे तीन घे. वर्ग नऊ, वर्गमूळ तीन. उणे तीन कुठे आलं? मग आलेख काढला जातो. शून्याच्या उजवीकडे एक, डावीकडे उणे एक, आणि शून्यावर उत्तरच नाही. शाळेत निसटलेलं केवलमूल्य (चिन्ह सोडून उरणारी संख्या) असं दहा मिनिटांत जागेवर येतं आणि ‘पाया कच्चा’ हे शब्द कुणाच्या तोंडून निघत नाहीत.

या कार्यशाळेतली कृष्णवर्णीय मुलं गोऱ्या आणि आशियाई सहाध्यायांच्या बरोबरीला आली, कधी पुढेही गेली. १९८८ मध्ये ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठात ‘इमर्जिंग स्कॉलर्स’ हा याच धर्तीचा कार्यक्रम उभा राहिला आणि तिथून हे इतरत्र पसरलं.

नक्कल करताना कुठे बिघडतं, तेही सांगायला हवं. मार्गदर्शक फळ्याशी गेला की कार्यशाळेची शिकवणी होते. त्याने टेबलांमधून फिरत उलटा प्रश्न विचारायचा असतो. उदाहरणं सोपी ठेवली तर मुलं आपापली सोडवून गप्प बसतात, कुणाला कुणाची गरजच पडत नाही. ‘सगळीकडे वाटणी’ म्हणून प्रत्येक गटात एकेक कृष्णवर्णीय मूल बसवलं, की जे मोडायचं होतं तेच पुन्हा उभं राहतं. वेळ संध्याकाळी उशिराची ठेवली आणि त्याला क्रेडिट दिलं नाही, तर नोकरी करून शिकणारी मुलं आधी गळतात. आणि ‘रेमेडियल’, म्हणजे मागे पडलेल्यांसाठी, अशी पाटी लावली तर खोली रिकामीच राहते. आपल्याकडच्या रेमेडियल कोचिंगच्या वर्गांतही मुलं पाटी वाचूनच आत यायचं की नाही ते ठरवतात. पाटीचा हा मुद्दा आम्हाला तुमच्यामुळे इतका स्पष्ट दिसला, त्याबद्दल वेगळे आभार.

एक नमस्कार मात्र तुमच्या हातून पुढे पोहोचवायचा आहे. ज्या ४० मुलांनी तुम्हाला आपल्या खोलीत येऊ दिलं, न सुटलेली उदाहरणं आणि खोडलेली पानं दाखवली, त्यांना.

आपले कृतज्ञ,
गणिताचे काही शिक्षक