सजावटकार नव्हे, दिग्दर्शक

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला महानाट्यांवरचा लेख वाचला. हत्ती किती, घोडे किती, मशाली किती, याची मोजदाद त्यात चोख आहे. दिग्दर्शनाबद्दल मात्र चार ओळीसुद्धा नाहीत, आणि ओघात इटालियन दिग्दर्शक फ्रांको झेफिरेल्ली यांचे नाव आले तेही ऑपेराचे, म्हणजे संपूर्ण गायल्या जाणाऱ्या पाश्चात्त्य नाटकाचे, 'सजावटकार' म्हणून. हौशी नाट्यसंस्थेत नेपथ्यापासून प्रकाशयोजनेपर्यंत पडेल ते काम केलेला माणूस म्हणून मला हे खटकले.

सजावट त्यांना येत होती, यात वाद नाही. फ्लोरेन्समध्ये वास्तुकला शिकलेला हा तरुण महायुद्ध संपल्यावर नाटकांची नेपथ्ये रंगवू लागला आणि नामवंत दिग्दर्शक लुकिनो विस्कोंतींच्या हाताखाली आला. विस्कोंतींनी १९४९ साली फ्लोरेन्सच्या बोबोली बागेत शेक्सपिअरचे नाटक उघड्यावर केले, त्याचे नेपथ्य झेफिरेल्लींचे. मिलानच्या ला स्काला या ऑपेरागृहातही ते आधी नेपथ्यकार म्हणूनच शिरले. १९५४ मध्ये तिथे संगीतकार रोस्सिनीचा 'ला चेनेरेंतोला' हा ऑपेरा बसवला, तेव्हा दिग्दर्शन आणि नेपथ्य दोन्ही त्यांचेच होते. एकदम दिग्दर्शकाच्या खुर्चीत येऊन बसलेला हा माणूस नव्हता. भिंत कुठे उभी केली की गायकाला कुठून यावे लागते, हे त्यांना हाताने काम करून ठाऊक झालेले होते.

ऑपेरा बसवणे नाटकापेक्षा अवघड का, हेही सांगायला हवे. नाटकातला नट टाळी पडली की क्षणभर थांबू शकतो, एखादी जागा लांबवू शकतो. ऑपेरात वेळ संगीतकाराने आधीच लिहून ठेवलेला असतो. दोनशे माणसे रंगमंचावर आणायची आणि काढायची ती तेवढ्याच मात्रांत. त्यात माईक नाही. गायकाचा आवाज वाद्यवृंदावरून शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचला पाहिजे, म्हणून त्याला फार वेळ पाठमोरे ठेवता येत नाही. शिवाय खाली खड्ड्यात उभ्या असलेल्या संगीत-संचालकाची काठी त्याला दिसली पाहिजे. आपल्याकडच्या बहुतेक महानाट्यांत संवाद ध्वनिमुद्रित असतात, त्यामुळे ही कसरत आपल्या सहसा लक्षात येत नाही.

न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन ऑपेरात, म्हणजे 'मेट'मध्ये, १९८१ पासून चालू असलेला त्यांचा 'ला बोएम' पाहा. मेटच्या इतिहासात सर्वाधिक वेळा रंगमंचावर आलेली निर्मिती हीच. मेटच्या प्रयोगांचे चित्रीकरण मुंबईत एनसीपीए या कलाकेंद्रात दाखवतात, तिथे मी तो पाहिला. दुसरा अंक जेमतेम वीस मिनिटांचा. नाताळची संध्याकाळ, पॅरिसचा रस्ता, वरच्या पातळीवर नुसती झुंबड आणि खाली पुढे मोमुस कॅफेची टेबले. खेळणीवाला गाढवाची गाडी घेऊन येतो, पोरे त्याच्यामागे धावतात, नखरेल मुझेत्ता घोडागाडीतून उतरते. पडदा उघडताच लोक नेपथ्यालाच टाळ्या देतात, आणि आपण समजतो की खेळ एवढाच. पण जरा टेबलाकडे बघा. एवढ्या गर्दीत मिमी आणि रोदोल्फो हे प्रेमी एकदाही हरवत नाहीत. मुझेत्ता गाऊ लागली की मागची गर्दी हळूच निवळते, आणि कोणी गेले हे आपल्याला कळतही नाही. ही सजावट नव्हे. याला बसवणे म्हणतात.

आणि गर्दी नसली तर? लंडनच्या कॉव्हेंट गार्डन ऑपेरागृहात १९६४ साली त्यांनी मारिया कॅलास आणि तीतो गोब्बी या गायकांना घेऊन 'तोस्का' केला. त्याच्या दुसऱ्या अंकाचे टीव्हीसाठी झालेले चित्रण आजही पाहायला मिळते. एक खोली, एक जेवणाचे टेबल, टेबलावर सुरी, दोन माणसे. जिने ती पुढे खून करणार, त्या सुरीवर नायिका तोस्काची नजर पडते तो क्षण पाहा, आणि मग सजावटकार म्हणा. ही निर्मिती कॉव्हेंट गार्डनने चाळीस वर्षे, २००४ पर्यंत चालवली.

संगीतकार व्हेर्दीचा, प्राचीन इजिप्तमध्ये घडणारा 'आइदा' म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे विजयी फौजेची मिरवणूक येते. इटलीतल्या वेरोनाच्या रोमनकालीन उघड्या नाट्यगृहात १९१३ पासून 'आइदा' होतो, आणि २००२ मध्ये झेफिरेल्लींनीही तिथे तो हजारो प्रेक्षकांपुढे आपल्या थाटात केला. पण त्याच्या आदल्याच वर्षी, व्हेर्दीच्या स्मृतिशताब्दीला, हाच 'आइदा' त्यांनी बुस्सेतोच्या चिमुकल्या नाट्यगृहात तरुण गायकांना घेऊन बसवला. आसने सुमारे तीनशे. इजिप्तची फौज तिथे मावणारच नव्हती. भव्यता ही त्यांची सवय नव्हती, जागा पाहून केलेली निवड होती, याला याहून मोठा पुरावा मला सुचत नाही.

अर्थात ही निवड दरवेळी बरोबर ठरली असे नाही. १९६६ मध्ये मेटच्या नव्या इमारतीचे उद्घाटन संगीतकार सॅम्युएल बार्बर यांच्या 'अँटनी अँड क्लिओपात्रा'ने झाले. संहिता आणि दिग्दर्शन दोन्ही झेफिरेल्लींचे. त्यांनी रंगमंचावर इतके काही चढवले की कोरा करकरीत फिरता रंगमंच तालमीतच बंद पडला, आणि नायिका लिऑन्टिन प्राइस पिरॅमिडच्या आत अडकल्या. प्रयोग पडला आणि त्याचा फटका बिचाऱ्या बार्बरना बसला. झेफिरेल्लींचा 'तुरांदोत' हा ऑपेरासुद्धा मला जडच वाटतो. सोन्याचा इतका लखलखाट की थोड्या वेळाने डोळे थकतात आणि कान बंद होतात. मस्कतच्या ऑपेरागृहाचे उद्घाटन २०११ मध्ये त्यांच्याच 'तुरांदोत'ने झाले. उद्घाटनाला तेवढा झगमगाट शोभूनही दिसत असेल. इटलीचे पंतप्रधान राहिलेल्या बर्लुस्कोनींच्या पक्षातर्फे ते सिनेटर होते, तो विषय वेगळाच, त्यात शिरत नाही.

त्यांच्या भव्यतेवरची टीका मात्र काळाने जरा उलटवली. मेटने २००९ साली आपल्याकडचा त्यांचा जुना 'तोस्का' काढून दिग्दर्शक लूक बाँडी यांचा नवा, रुक्ष 'तोस्का' आणला. पहिल्याच रात्री प्रेक्षकांनी निर्मिती करणाऱ्या चमूची हुर्यो उडवली. २०१७ च्या शेवटच्या रात्री मेटने पुन्हा नवा 'तोस्का' आणला, तोवर गाडी परत, कथा जिथे घडते त्या रोमच्या हुबेहूब चर्चकडे आणि राजवाड्याकडे वळली होती. मला जुने ते सगळे सोने म्हणायचे नाही. नवी मांडणी हवीच. पण प्रेक्षक जुन्यासाठी हळहळले ते फक्त रंगीत पडद्यांसाठी, असे समजणे हा त्यांचा अपमान आहे.

झेफिरेल्ली १५ जून २०१९ रोजी ९६ व्या वर्षी गेले. त्यांनी आखलेल्या नव्या 'ला त्राव्हियाता'चा पडदा वेरोनात त्यानंतर सहाच दिवसांनी वर गेला. म्हणजे शेवटपर्यंत हातात काम होते.

आता आपल्या पुरवणीला एक विनंती. महानाट्याचे परीक्षण छापताना घोड्यांचा आकडा जरूर द्या, वाचकांना तो आवडतो. पण त्याच चौकटीत समूहदृश्ये कोणी बसवली, प्रकाशयोजना कोणाची, नेपथ्य कोणाचे, ही नावेही छापा. गेल्या वेळच्या परीक्षणात प्रायोजकांची नावे होती, ही नव्हती.

आपला,
एक वाचक, ठाणे