पहिलं नाव माझं लिही

निपाणी,
रविवार रात्र

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या लग्नाच्या विधींची आठ पानं फोनवर वाचून डोळे दुखायला लागले, म्हणून कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून काढून आणली. तो पोरगा म्हणाला, "मावशी, नाटक बसवताय काय?" म्हटलं, होय की.

मैत्रिणीचं एडिंबरोतलं लग्न बघून आल्यापासून तुझ्या डोक्यात हे घोळतंय. स्कॉटलंडात असं मानवतावादी, म्हणजे देवाधर्माशिवायचं लग्न २००५ पासून कायद्यानं धरतात, हे तू ठळक करून लिहिलंस. पण काकांपुढं स्कॉटलंड काढू नकोस. त्यांना सांग, सत्यशोधक समाजानं भटजीशिवाय पहिलं लग्न २५ डिसेंबर १८७३ ला लावलं. जोतिबांनी मंगलाष्टकं मराठीत लिहिली, त्यात नवरी नवऱ्याकडं बायकांचे हक्क मागते आणि तो शब्द देतो. व्याह्यांना तर काही समजावायलाच नको. कानडी कवी कुवेंपू त्यांच्याच शिमोग्याकडचे. १९६६ ला त्यांनी स्वतःच्या मुलाचं लग्न मंत्रमांगल्यानं लावलं, पुरोहित नाही, बडेजाव नाही. विहीणबाईंनी त्यातल्या चार ओळी मला फोनवर वाचून दाखवल्या. माझं कानडी बाजारापुरतं, तरी कळल्या. माझ्या स्वतःच्या लग्नात भटजी काय म्हणाले ते मला आजवर कळलेलं नाही.

आता तुझे विधी. दोघांनी आपापल्या मेणबत्तीनं मधली पेटवायची, इथवर ठीक. मग आपापली विझवायची, ती का? शुभकार्यात ज्योत कुणी फुंकतं का? लग्न झालं म्हणून तुझी कशाला विझवायची? समया लावू, तिन्ही जळू देत. दोन रंगांची वाळू एका बाटलीत ओतण्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, फक्त सांडलेली झाडणार कोण ते ठरव.

हात बांधायची फीत मात्र विकत आणू नकोस. आपल्यात शेल्या-उपरण्याची गाठ असतेच, तुम्ही ती मनगटावर आणली एवढंच. माझं लग्नातलं हिरवं इरकल ट्रंकेत पडून होतं, बाबा गेल्यापासून नेसले नाही. काल त्याचा काठ काढला. दोन बोटं रुंद, चार हात लांब. आतून अस्तर लावून टीप मारली. कात्री लावताना हात अडला, खोटं सांगत नाही. रेशमाची गाठ सरकते, म्हणून टोकांना गोंडे केलेत.

अंगठ्या सगळ्यांच्या हातातून फिरवून मग घालायच्या, हे वाचलं आणि पान बाजूला ठेवलं. ताईच्या लग्नात मी कुठं होते तुला आठवत नसेल, तू करवली म्हणून मिरवत होतीस. मी कोठीत होते, लाडवांच्या पाट्या मोजत. जा असं कुणी म्हणालं नाही. हळदीच्या वेळी "वहिनी, कोठीकडं बघा जरा" एवढंच. कन्यादान काका-काकूंनी केलं. मंगलाष्टकं मी कर्ण्यावर ऐकली. अक्षता घेतल्या होत्या, पण समोर भिंत. 'सावधान' झालं तरी त्या मुठीतच. मूठ उघडली तेव्हा तळवा पिवळा झालेला. लेकीच्या लग्नात मला लागलेली हळद तेवढीच.

पलीकडं शिरोळ तालुक्यात हेरवाडच्या ग्रामपंचायतीनं २०२२ मध्ये या विधवांच्या चालीरीती बंद करायचा ठराव केला, त्याचं कात्रण माझ्या मशीनच्या खणात आहे, बॉबिनांखाली. कुणाला दाखवलं नाही.

तर अंगठ्या फिरवाच. सुरुवात आजीपासून करा, ती ४० वर्षं कोठीत आहे.

कायद्याचं वकीलबाईंना विचारून आले. १९५४ च्या स्पेशल मॅरेज ॲक्टखाली नोटीस द्यायची तर त्याआधी दोघांतलं एक जण ३० दिवस त्या जिल्ह्यात राहिलेलं लागतं. नोटिशीनंतर पुन्हा ३० दिवस थांबायचं. म्हणजे बेळगाव जिल्ह्यात दिलीस तर महिनाभर इथं राहावं लागेल. बंगळूरला दिली तर तुझी सोय, माझा आग्रह नाही. वरच्या खोलीत इंटरनेट चांगलं येतं, एवढं कळवते.

मंडपात काही करा, अधिकारी आणि साक्षीदारांसमोर एकमेकांना नवरा-बायको म्हणून स्वीकारल्याचं वाक्य म्हणावंच लागतं. ते दोघांना समजेल अशा कुठल्याही भाषेत चालतं. तू कानडीत म्हण, त्यांना मराठीत म्हणू दे. दर १ नोव्हेंबरला सीमाप्रश्नापायी दंडाला काळी फीत बांधणारे काका पहिल्या रांगेत असतील, ऐकू देत की. जावईबापूंकडून थोडी तयारी करून घे, त्यांच्या 'चमच्या'तला च अजून 'चहा'तलाच येतो.

साक्षीदार तीन लागतात. लग्नाआधीच्या प्रतिज्ञापत्रावर एक सही, दाखल्यावर एक. साक्षीदार सवाष्ण की विधवा असा रकाना कुठं नाही ना, हे वकीलबाईंना दोनदा विचारलं. हसल्या. पहिलं नाव माझं लिही. सही मराठीत केली तर चालेल का तेवढं कळव, बँकेत मराठीतच आहे.

तुझी
आई