ओरडणारा कोण आणि मागतो काय

रेडिंग,
१२ ऑक्टोबर २०२५

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही आणि दादा एकदम बोलायला लागलात की माझं उत्तर घशातच राहतं, म्हणून कागदावर उतरवते आहे. इथल्या, ब्रिटनच्या उपपंतप्रधान अँजेला रेनर यांच्या राजीनाम्याची बातमी वाचून दादाने निकाल दिला की सगळे एका माळेचे मणी. तुम्ही विचारलंत, कायद्यात बसत असेल तर ओरड कशाला? प्रश्न दोन आहेत: ओरडणारा स्वतः स्वच्छ आहे का हा दादाचा, आणि नियमात राहून कर वाचवण्यात वावगं काय हा तुमचा. दादाला वाटतं की त्याच्या प्रश्नाने तुमचाही सुटला. तसं होत नाही.

रेनरबाईंचं आधी उरकते. त्यांच्यावर करबचतीचा आळच नव्हता. होव्ह गावातला फ्लॅट घेताना मुद्रांक शुल्क सुमारे ४०,००० पौंड कमी भरलं गेलं, म्हणजे देणं होतं आणि दिलं नाही. चौकशीत त्यांच्या हेतूवर ठपका आला नाही, तज्ज्ञाचा सल्ला नीट घेतला नाही यावर आला. विरोधकांच्या कराच्या कागदांवर त्या इतकी वर्षं तुटून पडत आल्या, म्हणून लोकांच्या बोलण्याला ऊत आला एवढंच. तुमच्या प्रश्नाशी याचा संबंध नाही.

तुमच्या प्रश्नाला खरं उत्तर २०१२ साली मिळतं. जिमी कार नावाचा विनोदी कलाकार आहे. टीव्हीवर त्याने बार्कलेज बँकेच्या कर वाचवण्याची खिल्ली उडवली होती. त्या जूनमध्ये 'टाइम्स'ने छापलं की तो स्वतः 'के-टू' नावाच्या योजनेत आहे. योजना अशी: इथली नोकरी सोडायची, जर्सी बेटावरच्या एका कंपनीत लागायचं. तुमची सगळी कमाई त्या कंपनीकडे जाते, ती तुम्हाला नावापुरता पगार देते आणि बाकीची रक्कम 'कर्ज' म्हणून देते. कर्जावर आयकर नाही. हे कर्ज वसूल करायला कोणी येणार नाही, हे देणाऱ्यालाही ठाऊक आणि घेणाऱ्यालाही.

पंतप्रधान डेव्हिड कॅमेरॉन तेव्हा जी-२० साठी मेक्सिकोत होते. तिथून त्यांनी नाव घेऊन सांगितलं की हे नैतिकदृष्ट्या चूक आहे. कारने जाहीर माफी मागितली, योजनेतून बाहेर पडला. त्याच आठवड्यात गॅरी बार्लो या गायकाचंही नाव अशाच दुसऱ्या योजनेत आलं होतं. तो कॅमेरॉन यांच्या पक्षाच्या प्रचाराला गेलेला माणूस. त्याच्यावर बोलताना पंतप्रधानांना आठवलं की एकेकाच्या कराबद्दल बोलणं बरं नव्हे. २०१४ साली लवादाने बार्लोच्या योजनेविरुद्ध निकाल दिला, तेव्हाही त्याने राणीकडून मिळालेला किताब परत करायची गरज नाही, असं कॅमेरॉन म्हणाले. मग एप्रिल २०१६ मध्ये पनामातल्या एका वकील कंपनीचे गोपनीय कागद फुटले. कॅमेरॉन यांच्या वडिलांचा 'ब्लेअरमोर' नावाचा गुंतवणूक निधी बहामातून चालायचा. त्यात आपलेही हिस्से होते, पंतप्रधान होण्याच्या चार महिने आधी ते साधारण ३१,५०० पौंडांना विकले, हे त्यांच्या तोंडून निघायला काही दिवस आणि बरेच खुलासे लागले. त्यात बेकायदा काही नव्हतं, लाभांशावर कर भरलेला होता. दादा म्हणेल, बघ, झालं की नाही सिद्ध? अरे, काय सिद्ध झालं? कॅमेरॉन दुटप्पी निघाले म्हणून जर्सीचं ते कर्ज खरं कर्ज होत नाही.

बाबा, मॅकडॉवेलचा निकाल तुम्हाला मी काय सांगणार! आमच्या लहानपणी घरात रामायणापेक्षा तोच जास्त ऐकला. दारूच्या कंपनीचं उत्पादन शुल्क गिऱ्हाइकांनी परस्पर सरकारी तिजोरीत भरायचं, म्हणजे ती रक्कम विक्रीत धरली जाणार नाही आणि तेवढा विक्रीकर वाचेल. १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने ते चालू दिलं नाही, आणि तुमचं सगळं ऑफिस जणू आपणच खटला जिंकल्यासारखं खूश. तुमचा तेव्हाचा मुद्दा मला अजून पटतो: सवलत सरकारने मुद्दाम ठेवली असेल तर घ्या, लाजायचं कारण नाही. पण जो व्यवहार फक्त कागदावर घडतो, त्याला व्यवहार म्हणू नका. पीपीएफ पहिल्यात बसतो, के-टू दुसऱ्यात. (आणि दादा, आईच्या नावाने तू घरभाड्याची पावती लावतोस, ते भाडं तुझ्या खात्यातून तिच्या खात्यात जातं ना? जात असेल तर माझं काही म्हणणं नाही. नुसती पावतीच असेल तर आपल्या घरी सांगली शाखेचा के-टू चालू आहे.)

मी पगारपत्रकं करते, त्यामुळे या कर्जांची दुसरी बाजू मला जवळून दिसली. ही युक्ती श्रीमंत कलाकारांपुरती राहिली नाही. कंत्राटावर काम करणारे प्रोग्रॅमर, एजन्सीतून जाणाऱ्या नर्स, समाजसेवा खात्यातली माणसं, सगळ्यांना ती विकली गेली. ओळखीचा एक नागपूरचा मुलगा त्यात सापडला. एजन्सी म्हणाली, अमुक कंपनीतून पगार घे, मोठ्या वकिलाचं मत घेतलेलं आहे, सगळं नियमात आहे. पगाराच्या चिठ्ठीवर थोडा पगार, बाकी कर्ज. कमिशन कापून हातात पडायचं ते इतर मित्रांपेक्षा थोडंच जास्त. २०१७ साली सरकारने कायदा केला की ५ एप्रिल २०१९ ला अशी जी कर्जं शिल्लक असतील, ती सगळी उत्पन्न धरून एकदम कर लावायचा, अगदी १९९९ पासूनची. सुमारे ५०,००० लोक कचाट्यात आले. आरडाओरड झाली तेव्हा मर्यादा डिसेंबर २०१० पर्यंत पुढे आणली. कर खात्याच्या स्वतःच्या नोंदीत या वसुलीत अडकलेल्या दहा जणांच्या आत्महत्या आहेत. खात्यात कंत्राटावर काम केलेली काही माणसंही अशा योजनांत होती, हे खात्यानेच मान्य केलंय. योजना विकणारे मात्र त्या मानाने सुखात आहेत. जानेवारी २०२५ मध्ये पुन्हा एक स्वतंत्र फेरतपासणी लावली. नागपूरकराने हप्ते बांधून घेतलेत, लग्न पुढे ढकललं.

कर त्याने भरू नये असं मी म्हणत नाही. भरलाच पाहिजे. पण कर खात्याला या योजना वर्षानुवर्षं माहीत होत्या. त्या वेळीच बंद करायची ताकद ज्यांच्या हातात होती, त्यांनी ती वापरण्याऐवजी एका विदूषकाकडे बोट दाखवलं, टाळ्या घेतल्या, आणि नंतर मागच्या तारखेचं बिल नर्सच्या दारात टाकलं. व्होडाफोन या फोन कंपनीकडून जुन्या व्यवहाराचा कर काढण्यासाठी आपल्या सरकारने २०१२ मध्ये मागच्या तारखेने कायदा बदलला, तेव्हा तुम्ही सरकारी माणूस असूनही चिडला होतात. ती दुरुस्ती २०२१ मध्ये मागे घ्यावी लागली. व्होडाफोनकडे वकिलांची फौज होती, या मुलाकडे नाही.

तरीही लाजवण्याने काम होतं असं काहींना वाटतं. त्याच २०१२ च्या नोव्हेंबरात संसदेच्या लोकलेखा समितीपुढे स्टारबक्स, गूगल आणि अ‍ॅमेझॉनला उभं केलं. अध्यक्षा मार्गारेट हॉज म्हणाल्या की तुम्ही बेकायदा वागलात असं आम्ही म्हणत नाही, अनैतिक वागलात असं म्हणतो. स्टारबक्सने १४ वर्षांत ३०० कोटी पौंडांवर विक्री करून कंपनी कर भरला होता ८६ लाख पौंड. (बाईंच्या वडिलांनी काढलेली पोलाद विकणारी कंपनी किती कर भरते, हेही पत्रकारांनी लगेच विचारलं. दादाला ही माहिती मुद्दाम भेट.) दुकानांपुढे निदर्शनं होणार असं दिसताच स्टारबक्सने जाहीर केलं की दोन वर्षांत आम्ही २ कोटी पौंड देतो. लोक खूश झाले, मी नाही. कायद्याने देणं लागत असेल तर पै न् पै घ्या, लागत नसेल तर कायदा बदला. कंपनीने आपण होऊन आकडा ठरवायचा आणि सरकारने तो घ्यायचा, हा कर नव्हे, गणपतीची वर्गणी झाली. ज्यांची दुकानं रस्त्यावर नाहीत, ज्यांच्या पाटीवर अंडी फेकता येत नाहीत, त्यांना कोण लाजवणार?

म्हणून टीकाकार स्वतः धुतल्या तांदळाचा आहे का, हे मी आधी बघत नाही. तो मागतो काय, ते बघते. 'हा नियम सगळ्यांसाठी बदला, माझ्यासाठीही' असं म्हणणारा माणूस नियम बदलेपर्यंत तीच सवलत घेत असेल, तर मी त्याला ढोंगी म्हणणार नाही. नियम तसाच ठेवून 'तू मात्र लाज बाळग' म्हणणाऱ्याला म्हणेन, आणि नियम त्याच्याच हातात असेल तर दुप्पट म्हणेन.

आता अक्षता मूर्तींबद्दल, कारण दादाने ते नाव काढलंच. २०२२ साली नवरा ऋषी सुनक इथला अर्थमंत्री, सामान्य नोकरदाराचा राष्ट्रीय विमा हप्ता त्याच एप्रिलमध्ये वाढवलेला, आणि बायकोला इन्फोसिसच्या लाभांशावर इथे कर नाही, कारण तिचं कायमचं घर भारत मानलेलं. वर्षाला ३०,००० पौंड शुल्क भरून ती सवलत मिळायची. गवगवा झाल्यावर त्यांनी आपण होऊन सगळ्या उत्पन्नावर कर द्यायचं ठरवलं. इथल्या मराठी मंडळात केवढी चर्चा! ज्या तावातावाने आमचे लोक बोलत होते, त्यातल्या निम्म्यांना, मला धरून, हीच सवलत छोट्या मापात मिळत होती. परदेशातलं उत्पन्न इथे आणलं नाही आणि ते वर्षाला २,००० पौंडांच्या आत असलं, तर शुल्कही नको, अर्जही नको. माझ्या सांगलीतल्या ठेवीचं व्याज त्यातच बसायचं. मी ते कधी इथे दाखवलं नाही, दाखवायची गरजच नव्हती, आणि ही सवलत जावी असं मी तेव्हाही म्हणत होते. एप्रिल २०२५ पासून ती गेली. नव्याने येणाऱ्यांना चार वर्षं सूट आहे, माझी चार वर्षं कधीच उलटली.

तेव्हा एक काम आहे. बँकेतून माझ्या एनआरओ (परदेशी राहणाऱ्यांच्या भारतातल्या खात्यातल्या) ठेवीच्या व्याजाचा दाखला आणायचा. इथलं करवर्ष ६ एप्रिलला सुरू होतं, त्यामुळे मॅनेजर ३१ मार्चपर्यंतचा तयार दाखला पुढे करतील, तो नको. तारीखवार व्याज जमा झाल्याचा उतारा मागा, शिक्क्यासकट. तिकडे कापलेला टीडीएसही त्यात दिसू दे, तो मला इथल्या करातून ठरलेल्या मर्यादेत वजा मिळतो. तेवढी सवलत मी घेणार आहे, दादाला सांगा.

आईस सा. न., छोट्यांना आशीर्वाद. फराळाचं पार्सल पाठवू नका, पोस्टाचा खर्च फराळाहून जास्त होतो.

तुमची,
सुमी